तीनशे टक्क्यांचा बागुलबुवा

गेले तीन शनिवार इकडे काहीच लिहिलं नाही. कारण नेहमीचंच. आधी रिलीज, आणि मग रिलीजमधून निघालेली भुतं. आज विकांताला जरा उसंत मिळालीय आणि एक गोष्ट मंगळवारपासून डोक्यात ठसठसतेय, ती एकदाची बाहेर काढतो. लेख शेअरबाजाराबद्दल आहे, पण टिप वगैरे मिळणार नाही. तशी अपेक्षा असेल तर इथूनच रामराम. :-)

तर झालं असं. मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये डबा उघडतोय तोच आमच्या टीममधले चिरंजीव (वय २३, कोड उत्तम, पैशाच्या बाबतीत आनंदीआनंद) फोन नाचवत आले. "दादा, हे बघ! अमेरिकेतला ईटीएफ आहे, शॉर्ट इंटरेस्ट ३०० टक्के! आहेत त्याच्या तिप्पट युनिटं विकून बसलेत हे लोक. ती परत घ्यावीच लागणार ना? रॉकेट आहे रॉकेट. बोनस जमा झालाय, सगळा यात टाकतोय."

त्याच रात्री न्यू जर्सीहून आमच्या आतेबंधूंचा फोन. वय ४१, दोन मुली, घराचं कर्ज. म्हणाले, "अरे, मी ते सेक्टरचे ईटीएफ सगळे विकून मोकळा झालो. आहेत त्याच्या तिप्पट युनिटं विकली गेलीत म्हणे. उद्या सगळे एकदम मागायला गेले तर फंडाकडे द्यायला काही उरणारच नाही. आपले कष्टाचे पैसे आहेत बाबा."

आकडा एकच. त्यावरून एकजण सगळे पैसे आत टाकतोय आणि दुसरा सगळे बाहेर काढतोय. दोघेही इंजिनिअर, आणि दोघांचं ज्ञान पंधरा मिनिटांच्या एकेका व्हिडिओतून आलेलं.

ज्या आकड्यावरून एकाच दिवशी 'सर्वस्व टाका' आणि 'सर्वस्व काढा' हे दोन्ही निष्कर्ष निघतात, तो आकडा तुम्हाला काहीच सांगत नसतो. सांगत असतो तो आकडा विकणारा माणूस. माझं म्हणणं सरळ आहे: ईटीएफच्या शॉर्ट इंटरेस्टची टक्केवारी ही सामान्य गुंतवणूकदारासाठी ना तेजीची खूण आहे ना मंदीची. ती उसनवारीची नोंद आहे आणि तिचा छेद रोज हलतो. ती भविष्यवाणी म्हणून विकणारे लोक एकतर अडाणी आहेत किंवा लबाड. आणि त्यांचं पहिलं गिऱ्हाईक आपण आहोत, आकडे कळतात असा माज असलेले इंजिनिअर.

हे मी उंटावर बसून सांगत नाहीये. मीही त्यातलाच. तो कबुलीजबाब पुढे येईलच.

आधी मुळाशी जाऊ. शॉर्ट मारणं म्हणजे आपल्याकडे नसलेला शेअर कोणाकडून तरी उसना घेऊन विकायचा, भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन परत करायचा, मधला फरक खिशात. असे उसने घेऊन विकलेले आणि अजून परत न केलेले जे शेअर असतात, त्यांची एकूण संख्या म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. त्याला एकूण शेअरच्या संख्येने भागलं की टक्केवारी. इतकं सोपं.

मग १०० च्या वर कसं जातं? इथे सगळे दचकतात. 'नसलेलं विकलं, घोटाळा झाला!' थांबा. चाळीतली गोष्ट घ्या. जोशीकाकूंकडे एक वाटी साखर आहे. ती त्यांनी पाटीलवहिनींना उसनी दिली. पाटीलवहिनींनी तीच शिंदेमावशींना दिली. शिंदेमावशींनी गॅलरीतून पलीकडच्या कुलकर्णीआजींना. चाळीत साखर किती? एक वाटी. येणंदेणं किती? तीन वाट्या. उसनवारी साखरेच्या ३०० टक्के! आता सांगा, चाळ कोसळली का? साखर गायब झाली का? काहीही नाही. कुलकर्णीआजींनी वाटी परत केली की तीच वाटी उलट्या दिशेने तीन दारं फिरते आणि तिन्ही उधाऱ्या फिटतात.

शेअरबाजारात फरक इतकाच की मधल्या माणसाने उसना शेअर दुसऱ्याला उसना न देता विकलेला असतो. विकत घेणाऱ्याला तो उसना आहे हे कळत नाही आणि कळायची गरजही नसते. तो त्याच्या ब्रोकरकडे पडतो, ब्रोकर तोच पुन्हा तिसऱ्याला उसना देतो, तिसरा पुन्हा विकतो. हिशोब मात्र कायम जुळतो: सगळ्यांच्या खात्यात दिसणारी युनिटं वजा शॉर्ट झालेली युनिटं बरोबर फंडाने खरोखर काढलेली युनिटं. कायम. या समीकरणात 'शॉर्ट हे १०० टक्क्यांपेक्षा कमीच असलं पाहिजे' अशी अट कुठेही नाही.

आपल्या भाषेत सांगू का? चार कोअरच्या मशीनवर टॉप कमांड मारा. एखादी जावा प्रोसेस ३०० टक्के सीपीयू खाताना दिसते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी ते बघून सीनियरकडे धावत गेलो होतो, 'सर, मशीन जळणार!' सर हसले. टक्केवारी एका कोअरवर काढलेली असते, एवढंच. छेद काय आहे हे न बघता टक्केवारीवर उड्या मारायच्या नाहीत हा धडा आपण सगळेच नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकतो. मग पैशाची गोष्ट आली की तो धडा जातो कुठे?

आता ईटीएफचं वेगळेपण. हा लेखाचा गाभा आहे, तेव्हा कृपया चहा बाजूला ठेवा.

कंपनीच्या शेअरची संख्या जवळजवळ ठरलेली असते. कंपनी काही दुपारी जेवून आल्यावर दहा लाख नवे शेअर छापत नाही. ईटीएफचं तसं नाही. तिथे ऑथोराइज्ड पार्टिसिपंट नावाचे मोठे खेळाडू असतात. ते फंडाला त्याच्या यादीतल्या शेअरांची टोपली देतात आणि बदल्यात नवी युनिटं घेतात. उलटंही चालतं. युनिटं परत द्यायची आणि शेअरांची टोपली घरी न्यायची. हे सगळं ठोक गठ्ठ्यात होतं. मोठ्या अमेरिकन फंडांत एक गठ्ठा ५०,००० युनिटांचा असणं नेहमीचं. म्हणजे ईटीएफच्या युनिटांची एकूण संख्या नळाच्या पाण्यासारखी रोज वरखाली होते.

याचे दोन परिणाम होतात, आणि ते आमचे चिरंजीव आणि आतेबंधू या दोघांचेही बुडबुडे फोडतात.

पहिला परिणाम छेदावर. समजा फंडाची १०० युनिटं आहेत आणि शॉर्ट १५०. झाले १५० टक्के. आता कोणीतरी ६० युनिटं परत देऊन शेअर घेऊन गेला. युनिटं उरली ४०, शॉर्ट तेवढेच १५०. टक्केवारी? ३७५! एकाही माणसाने नवा शॉर्ट मारला नाही, कोणाचंही मत बदललं नाही, आणि टक्केवारी अडीचपट. त्या टक्केवारीवर व्हिडिओ मात्र 'मंदीवाल्यांचा महाहल्ला' असा निघतो.

दुसरा परिणाम स्क्वीझवर. शेअर कोंडीत सापडतो तेव्हा शॉर्टवाल्यांना परत करायला शेअरच मिळत नाही, म्हणून ते वाट्टेल त्या भावाने घेतात आणि भाव भडकतो. ईटीएफमध्ये युनिटांची टंचाई झाली आणि भाव आतल्या शेअरांच्या किमतीपेक्षा वर गेला, तर ऑथोराइज्ड पार्टिसिपंट टोपली नेऊन देतो, नवी युनिटं आणतो आणि त्या जादा भावाला विकून फरक खातो. त्याचा धंदाच तो आहे. म्हणजे ज्याला तुम्ही कोंडी म्हणता तिथे एक माणूस चावी घेऊन दारातच उभा आहे.

आता कबुलीजबाब. जानेवारी २०२१. मी नुकताच नोकरीला लागलेलो, लॉकडाऊनमुळे घरून काम, खर्च शून्य, खात्यात आयुष्यात प्रथमच पैसे. वर तीन महिन्यांपूर्वीच 'स्कॅम १९९२' ही मालिका येऊन गेलेली, त्यामुळे आमच्या अख्ख्या बॅचच्या डोक्यात 'मंदीवाले म्हणजे व्हिलन' हे पक्कं बसलेलं. आणि तिकडे अमेरिकेत गेमस्टॉप पेटला. महिन्याच्या सुरुवातीला २० डॉलरच्या खाली असलेला शेअर २८ जानेवारीला दिवसभरात ४८३ डॉलरला शिवून आला. (हे २०२२ च्या स्प्लिटच्या आधीचे भाव.) त्या कंपनीचा शॉर्ट इंटरेस्टही १०० टक्क्यांच्या वर होता.

गेमस्टॉप घ्यायची हिंमत नव्हती. मग कुठेतरी वाचलं की एक्सआरटी नावाचा ईटीएफ आहे, अमेरिकन रिटेल कंपन्यांचा, त्यात गेमस्टॉपही आहे, आणि त्याचा शॉर्ट इंटरेस्ट तर गेमस्टॉपपेक्षाही जास्त आहे! मी म्हटलं वा, म्हणजे रॉकेटच, पण सीटबेल्टवालं. एका अॅपमधून डॉलर पाठवले आणि ऐन शिखराच्या आसपास घेतला. दोन आठवड्यांनी तोट्यात विकला. रक्कम आज सांगितली तर हसाल, पण तेव्हा ती माझ्या दोन महिन्यांची बचत होती. वर बँकेने पैसे पाठवायचे आणि चलन बदलायचे पैसे कापले ते वेगळेच.

नक्की काय झालं होतं हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं, आणि ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली.

एक्सआरटीमध्ये सगळ्या कंपन्यांना साधारण सारखं वजन असतं, म्हणजे प्रत्येकी सुमारे एक टक्का, आणि दर तिमाहीला ते पुन्हा समान करतात. गेमस्टॉप महिन्याभरात वीसेक पट झाल्यावर मधल्या काळात त्याचं वजन फुगत फुगत फंडाच्या जवळपास पाचव्या हिश्शाला पोचलं. म्हणजे एक्सआरटी वर गेला तो एक्सआरटीचे शॉर्टवाले अडकले म्हणून नव्हे, आत बसलेला एक शेअर फुगला म्हणून. आणि तो फुटला तेव्हा खालीही तसाच आला.

त्याच दिवसांत फंडातून प्रचंड प्रमाणात युनिटं परत केली गेली. बहुतांश मालमत्ता काही दिवसांत बाहेर गेली. बाजारात कारण सांगितलं जात होतं ते असं, की गेमस्टॉपचे शेअर बाहेर मिळेनासे झाल्यावर एक्सआरटीची टोपली फोडून ते काढता येत होते. युनिटं परत गेली की छेदाचं काय होतं? वरचं गणित आठवा. टक्केवारी अनेक शेकड्यांत गेली. आणि मी तिला 'वाढता दबाव' समजून नाचत होतो.

आणखी एक गंमत. अमेरिकेत शॉर्ट इंटरेस्टचा आकडा रोज मिळत नाही. ब्रोकर तो महिन्यातून दोनदा फिन्राला कळवतात, एकदा मध्यावर आणि एकदा अखेरीस, आणि जाहीर व्हायला पुढे कामाचे सातेक दिवस जातात. म्हणजे जानेवारीच्या अखेरच्या त्या वेड्या दिवसांत आम्ही जो आकडा बघून उड्या मारत होतो तो महिन्याच्या मध्याचा होता. युनिटांची संख्या मात्र रोज प्रसिद्ध होते. आता एखाद्या साइटने पंधरा दिवस शिळा अंश घेतला आणि आजचा ताजा छेद घेतला तर निघेल तो आकडा कशाचा? दोन वेगवेगळ्या तारखांची टेबलं जॉइन करून कोणी रिपोर्ट काढला तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालटी काढू. इथे त्याच रिपोर्टवर आपण बोनस लावतो. धन्य!

बरं, निदान गेमस्टॉपचा तरी भडका फक्त शॉर्टवाल्यांच्या धावपळीने झाला होता का? अमेरिकेच्या एसईसीने ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर अहवाल दिला. त्यात म्हटलंय की शॉर्टवाल्यांनी परत घेतले ते खरं, पण एकूण खरेदीत तो वाटा लहान होता. भाव आठवडेच्या आठवडे टिकला तो लोकांच्या उत्साहामुळे. म्हणजे आमच्यासारख्यांमुळे. व्हिलन शोधायला निघालो आणि आरसा सापडला.

आता आतेबंधूंची भीती. 'सगळे मागायला गेले तर फंड बुडेल.' ही भीती नवी नाही. २०१० साली अमेरिकेत 'ईटीएफ कोसळू शकतो का?' अशा मथळ्याचा एक रिपोर्ट चांगलाच गाजला होता, आणि उदाहरण कोणाचं? एक्सआरटीचंच! तेव्हापासून मार्च २०२० ची महामारी आली, जानेवारी २०२१ चा गोंधळ आला, फंडातून बहुतांश पैसे काही दिवसांत निघून गेले, आणि फंड जागच्या जागी. युनिटं परत देणाऱ्याला त्याची टोपली मिळाली.

का नाही कोसळला? कारण फंडाकडे युनिट घेऊन जाऊ शकतो तो फक्त ऑथोराइज्ड पार्टिसिपंट, आणि त्याला युनिट हातात द्यावं लागतं. फंडाने १०० युनिटं काढलीत तर जास्तीत जास्त १०० च परत येऊ शकतात, आणि त्या १०० चे शेअर फंडाकडे आहेत. बाकीच्या १५० जणांचं येणं फंडाकडून नाहीच, ते शॉर्ट मारणाऱ्याकडून आहे. त्याच्या विक्रीचे पूर्ण पैसे ब्रोकरकडे अडकलेले असतात आणि वर, अमेरिकन नियमाप्रमाणे, सुरुवातीलाच आणखी ५० टक्के मार्जिन. भाव वाढला की अजून मागतात. जोशीकाकूंनी साखर देताना पाटीलवहिनींची सोन्याची बांगडी ठेवून घेतली होती असं समजा. (काकू हुशार आहेत.)

तर मग लोक ईटीएफ इतके शॉर्ट मारतातच कशाला? तेही रिटेल, बँका, बायोटेक असल्या सेक्टरचे? कारण त्यातले बरेचसे मंदीवर पैज लावतच नसतात. समजा तुम्हाला एखादी रिटेल कंपनी फार आवडलीय, पण एकूण रिटेल धंद्याचं काय होईल याची खात्री नाही. तुम्ही कंपनीचा शेअर घेता आणि रिटेलचा ईटीएफ शॉर्ट मारता. सगळा सेक्टर पडला तरी तुमची कंपनी बाकीच्यांपेक्षा कमी पडली की तुम्ही फायद्यात. हा शॉर्ट म्हणजे इन्शुरन्स आहे. मॉरीन ओहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा एक पेपर आहे. त्यांना असं आढळलं की कंपनीचे निकाल अपेक्षेपेक्षा चांगले यायच्या आधी हेज फंड तो शेअर वाढवतात, आणि त्याच वेळी त्या सेक्टरच्या ईटीएफचा शॉर्ट इंटरेस्टही उसळतो. वाचलंत? चांगल्या बातमीच्या आधी! ज्याला व्हिडिओवाला 'स्मार्ट मनी पळतंय' म्हणतो, ते कित्येकदा स्मार्ट मनी खरेदी करतंय आणि सोबत छत्री घेतंय.

दुसरं कारण निव्वळ प्लंबिंगचं. गिऱ्हाईक युनिटं मागतंय, तर मार्केट मेकर ती आधी विकतो आणि टोपली देऊन नवी युनिटं नंतर आणतो. मधल्या काळात तो कागदोपत्री शॉर्ट असतो. मुसावी वगैरे संशोधकांनी याला 'ऑपरेशनल शॉर्टिंग' असं नाव दिलंय. वाण्याने 'उद्या देतो' म्हणून पैसे घेतले, त्याला कोणी साखरेच्या मंदीवरची पैज म्हणेल का?

आता समोरच्याची बाजूही नीट मांडतो, नाहीतर कमेंटमध्ये माझी पूजा होईल.

एक, 'शॉर्ट इंटरेस्टला काहीच अर्थ नसतो' असं मी म्हणत नाहीये. एकेकट्या कंपनीच्या बाबतीत जास्त शॉर्ट असलेले शेअर पुढे सरासरीने कमी परतावा देतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तिथे तो आकडा जरूर बघा. तो उचलून ईटीएफला चिकटवणं ही चूक आहे.

दोन, उसनवारीची साखळी फुकट नसते. 'नंतर आणतो' म्हणणारा कधीकधी वेळेवर आणत नाही, डिलिव्हरी चुकते, ब्रोकरवर ताण येतो. आणि अमेरिकेत कर भरणाऱ्या आतेबंधूंसाठी एक बारीक मुद्दा: मार्जिन खात्यातलं तुमचं युनिट ब्रोकरने उसनं दिलं असेल तर लाभांशाऐवजी त्याची भरपाई हातात येते, आणि तिला लाभांशाच्या सवलतीच्या दराने कर लागत नाही. घाबरायचंच असेल तर अशा खऱ्या गोष्टींना घाबरा ना!

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. मघाशी म्हटलं तो चावीवाला माणूस दारात नसेल तर? नवी युनिटं काढणंच बंद पडलं तर? तर मात्र माझं सगळं गणित उलटतं. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या नॅचरल गॅसच्या मोठ्या फंडाला, यूएनजीला, नवी युनिटं काढणं थांबवावं लागलं आणि त्याचा भाव आतल्या मालापेक्षा वर तरंगायला लागला. आणि हे आपल्याकडेही झालंय बरं का. म्युच्युअल फंडांना परदेशी गुंतवणुकीची एकूण मर्यादा ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज. त्या भरत आल्यावर २०२२ च्या सुरुवातीला, आणि ईटीएफमार्गे जाणाऱ्यांसाठी पुन्हा एप्रिल २०२४ पासून, नवे पैसे घेण्यावर बंधनं आली. मग नॅस्डॅकसारख्या निर्देशांकांवरचे आपल्याकडचे ईटीएफ आतल्या मूल्यापेक्षा महाग विकले जायला लागले. कित्येकांनी ते तसेच घेतले, कारण भाव बघितला, एनएव्ही बघितलीच नाही. त्यांना लुटायला एकाही मंदीवाल्याची गरज पडली नाही.

म्हणजे नळ चालू आहे की बंद हे बघायचं. नळ चालू असेल तर शॉर्टची टक्केवारी तुमच्यासाठी बिनकामाची. बंद असेल तर तुमचा प्रश्न शॉर्ट नाही, प्रीमियम आहे. बघायच्या गोष्टी फार नाहीत: भाव आणि एनएव्हीमधलं अंतर, युनिटांची संख्या वाढतेय की घटतेय, आणि टोपलीत एखादाच शेअर सुजलाय का. तिन्ही गोष्टी फंडाच्या साइटवर फुकट मिळतात. पण त्यावर व्हिडिओ निघत नाही, कारण त्यात रॉकेटही नाही आणि प्रलयही नाही.

कोणी म्हणेल, आपल्याला काय करायचंय, आपल्याकडे कुठे असलं असतं? खरंय. आपल्याकडे शेअर उसने द्यायची अधिकृत सोय २००८ पासून आहे, पण ज्याला निफ्टीवर मंदी करायची किंवा छत्री घ्यायची तो निफ्टीचा फ्युचर विकतो, निफ्टी बीज उसना मागत बसत नाही. तरीही आपला संबंध आलाच, कारण अमेरिकन ईटीएफ आता पुण्यातल्या मुलाच्या फोनमध्ये आहेत, आणि त्यांच्याबरोबर तिकडची भुतंही आलीत. अॅप दोन मिनिटांत खातं उघडून देतं. त्या आकड्याचा छेद काय, हे सांगायला दोन ओळीही खर्च करत नाही.

राग मला याचा आहे. पैसे गेल्याचा नाही. पैसे सगळ्यांचेच कधी ना कधी जातात. राग याचा आहे की तो आकडा समजून घ्यायला लागतं ते गणित सातवीचं आहे, भागाकाराचं, आणि आम्ही चार वर्षं इंजिनिअरिंग करून ते केलं नाही. लॉग न वाचता प्रॉडक्शनला हात लावणाऱ्याला आपण टीममध्ये उभं करत नाही. स्वतःच्या घामाच्या पैशाला मात्र आपण तसाच हात लावतो, आणि वर त्याला रिसर्च म्हणतो.

असो. शेवट काय झाला? आतेबंधूंना तासभर हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आता विकलं ते विकलं रे. आता एप्रिलमध्ये टॅक्स भरायचा." पाच-सहा वर्षं सांभाळलेली युनिटं होती ती. मोठीच्या कॉलेजसाठी ठेवलेली. मला पुढे काही बोलता आलं नाही.

चिरंजीवांना बुधवारी चहाच्या टपरीवर गाठलं. टिश्यू पेपरवर १०० युनिटं आणि १५० शॉर्टचं गणित मांडलं, मग ६० वजा करायला त्यालाच सांगितलं. ३७५ आल्यावर तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "दादा, म्हणजे हा आकडा खोटा आहे?" म्हटलं, खोटा नाही रे. खरा आहे, पण तुला वाटतंय त्या प्रश्नाचं उत्तर नाहीये तो.

त्याने बोनसमधला निम्मा तरी वाचवलाय असं म्हणतोय. उरलेला निम्मा मंगळवारीच गेला होता. सोमवारी विचारतो.

चला, पोहे तयार आहेत म्हणून आतून दुसऱ्यांदा हाक आलीय. तिसरी हाक परवडत नाही. भेटू पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर.